भंगारात काढलेली चालती गाडी

तुमची गाडी दारात धडधाकट उभी असताना कुणी ती भंगारात गेली म्हणून सांगितलं, तर तुम्ही काय कराल? व्हॅनवाल्या मावशींनी काय केलं ते ऐका.

मावशी शाळेच्या मुलांची ने-आण करतात. नवी व्हॅन घेतल्यावर जुनी त्यांनी भंगारात दिली आणि विमा कंपनीला तसं रीतसर कळवलं. तिथल्या कारकुनाने मावशींच्या नावावर दिसली ती पहिलीच गाडी रद्द करून टाकली, आणि ती निघाली नवी! चौकात पोलिसाने नंबर तपासला, विमा नाही म्हणून दंड ठोकला. वर दम भरला, "उद्या ही गाडी रस्त्यावर दिसली तर जप्त करीन."

मावशी तडक विमा कचेरीत गेल्या. कारकून मान वर न करता म्हणाला, "मावशी, रेकॉर्डप्रमाणे तुमची गाडी भंगारात गेलीय."

"असं? मग मी काय भंगारात बसून आले? चल बाळा खाली, तुलाही एक चक्कर मारून आणते."

रांगेतले लोक खो खो हसले. कारकून खाली आला, चासी नंबर पाहिला आणि त्याने कान धरले. "आमचंच चुकलं, मावशी."

"कान मग धर. आधी लिहून दे, विमा एक दिवसही बंद नव्हता म्हणून."

त्या पत्रावर दंड माफ झाला आणि दुसऱ्या सकाळी मुलं वेळेवर शाळेत पोचली.

तेव्हा मंडळी, एक गाडी मोडीत काढलीत की उरलेल्या गाडीची नोंद लगेच तपासा, आणि चूक निघाली तर शिक्क्याचं पत्र हातात पडेपर्यंत खिडकी सोडू नका.