स्थळाच्या कागदावरचा पगार

माझ्या थोरल्या बहिणीला तिकोणा पेठेहून एक स्थळ आलं होतं. मुलगा केमिस्ट्रीत एम.एस्सी., तळेगावला औषधांच्या कंपनीत, पगार वार्षिक सहा लाख. लग्न काही जुळलं नाही, पण मुलाच्या माहितीचा तो कागद आमच्या औंढ्याच्या घरात राहून गेला. पुढे मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो. पुण्यात एका खासगी कॉलेजात एम.एस्सी.ला प्रवेश मिळत होता, आणि त्यासाठी चार लाखांचं कर्ज काढावं की नाही यावर घरात खल चालला होता. तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, कपाटातून तोच कागद काढला.

"सहा लाख भागिले बारा?"

"पन्नास हजार," मी म्हणालो.

"आन् हप्ता?"

"साडेसात."

"मंग डोंबलाचा इचार करायचा!" म्हणत आबांनी कागदाची घडी घातली आणि जामीनदार म्हणून सही करायला तयार झाले.

आता लग्नाच्या कागदावरचा पगार निम्मा धरायचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. दोन एकराचे पाच लिहायचे आणि वाचणाऱ्याने मनातल्या मनात कापून घ्यायचे. यात कुणाला फसवणूक वाटत नाही. बहिणीच्या वेळी आबांनीही सहाचे तीन केले होते. कर्जाच्या वेळी मात्र कापायचं विसरले. मीही विसरलो. त्यांचा राग येत नाही मला, माझाच येतो.

शिकून झालं आणि तळेगावात नोकरी लागली. दिवसभर गोळ्यांचे नमुने तपासायचे, हाती अठरा हजार. सहा महिन्यांनी हप्ता सुरू झाला. पाच तारखेला बँकेचा मेसेज यायचा, आणि चार तारखेपासूनच मी खात्यातली शिल्लक पुन्हा पुन्हा बघायचो. पेट्रोल, डबा, आईची औषधं. गाडीचं चाक पंक्चर झालं तरी महिन्याचा हिशेब कोलमडायचा. काम आवडायचं, हे तर आणखी वाईट. सोडावं असंही वाटेना.

कॅन्टीनमध्ये एक सिनिअर भेटला, तिकोणा पेठेचा. गाव, वर्ष, शिक्षण जुळवत गेलो तर कागदावरचा नवरा मुलगा तोच निघाला.

"तुमचा कागद आमच्या घरी आहे," मी म्हणालो.

"पगार किती लिवलाय त्यात?"

"सहा लाख."

तो हसता हसता चहा सांडून बसला. "आरं, त्यो आमच्या मामानं लिवला. मला तवा चौदा हजार व्हते!"

मीही हसलो. घरी हे सांगितलं नाही.

नोकरीला तीन वर्षं झाल्यावर, म्हणजे यंदा, माझा स्वतःचा कागद तयार झाला. आबांनी लिहून काढला. वार्षिक सात लाख.

"आबा, बावीस हजार मिळतात मला."

"समोरचा निम्मं धरतोच की. खरं लिवलं तर त्येचंबी निम्मं धरतील."

मी त्याला माझा फोटो जोडला. कागद माझ्याच फोनवरून लग्नाच्या व्हॉट्सॲप गटावर गेला. वलवणच्या एका मुलीकडच्यांचं रविवारी घरी यायचं ठरलं. मुलगी मला फोटोतच आवडली होती.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या मावशी आल्या, मागे त्यांची मुलगी. मावशी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात पाकिटं भरतात. मुलगी यंदा बी.एस्सी. झाली, तिचीही केमिस्ट्रीच. मावशींनी फोन पुढे केला. माझा फोटो होता आणि खाली सात लाख.

"सोमवारी बँकेत सह्या करायच्यात. हिच्या एम.एस्सी.ला पाच लाखाचं कर्ज म्हणत्यात. लय धाकधूक व्हती रं. पर तुजा कागद बगितला आन् जीव भांड्यात पडला."

मुलीने वही उघडून दाखवली. सात लाख भागिले बारा, अठ्ठावन्न हजार. आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

दुकानात मावशींच्या शेजारी बसणारी बाई म्हणजे त्या वलवणच्या मुलीची सख्खी आत्या. इथे बोललेलं उद्या दुपारपर्यंत तिथे पोचणार. आबा माझ्याकडे रोखून बघत होते. मी फोनमध्ये पगाराची स्लिप उघडली आणि त्या मुलीच्या हातात दिली.

"हा पगार ट्रेनिंगमधला ना, दादा?"

"नाही. तीन वर्षांनंतरचा."

तिने अठ्ठावन्नावर काट मारून बावीस लिहिलं. मग हप्ता विचारला, तोही लिहिला.

"मंग पोरीनं शिकायचंच न्हाई का?" मावशींचा आवाज चढला.

"शिकू द्या. पण कमी फीचं कॉलेज बघा, आणि हिशेब या बावीस हजारांवर करा," मी म्हणालो. चहा तसाच टाकून दोघी उठल्या.

आबा भडकतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी दोन्ही भरलेले कप उचलून बाजूला ठेवले.

"गटावरचा कागद माघारी घेता येतो का रं?"

मी करून बघितलं. आठवडा उलटला होता, निघेना.

"किती जनांनी बगितला आसंल?"

गटात तालुकाभरची माणसं होती. मी आकडा सांगितला नाही.

पाहुणे रविवारी आले नाहीत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त छळतं ते दुसरंच. कुठल्या तरी घरात एखादं पोरगं माझ्या सात लाखांना बाराने भागत असेल, आणि शेजारी बसलेला त्याचा बाप निश्चिंत होऊन कागदाची घडी घालत असेल.