पाढ्यासारखं इंग्रजी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की विषय बदलायचो — आता बदलायला विषयच उरले नाहीत.

सत्तरच्या दशकात मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होतो. मॅट्रिक झालेला, कॉलनीत इंग्रजी येणारा म्हणून मान. शेजारच्या क्वार्टरमध्ये नामदेव, विणकराच्या घरचा, वेल्डर. कॅनडाला तेव्हा कारागीर हवे होते. पण दिल्लीला त्यांच्या वकिलातीतला गोरा साहेब समोर बसवायचा आणि इंग्रजीत बोलायला लावायचा. नामदेवला बोलावणं आलं तसा तो माझ्याकडे आला.

"भाऊ, मले तेवढं बोलाले शिकवा. पोरींचं भलं होईन."

शिकवलं मी. कसं? नाव, गाव, काम, बायको, मुली — एकामागून एक उत्तरं, पाढ्यासारखी. ड्यूटीवरून आला की तो माझ्या ओट्यावर डोळे मिटून घडाघडा म्हणायचा. अर्थ विचारला तर मी म्हणायचो, "अर्थाचं काय करतं गा? पाठ कर."

आणि मला ठाऊक होतं — साहेब क्रमाने विचारत नाही. मध्येच तोडतो, मागचं पुढे करतो. कसं ठाऊक? आदल्या वर्षी मीच त्याच्यासमोर बसलो होतो. तोंड उघडलं नाही माझं. नापास. कॉलनीत सांगितलं, आईला सोडून जाववेना. मग मला जमलं नाही ते ह्याला जमावं? — एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तो परतला तो हसतच. "साहेबानं बायकोचं नाव इचारलं असंन, भाऊ. म्या सांगतलं, बारा वर्षांपासून वेल्डिंग!" मग हसू ओसरलं. "तुमी तं बराबर शिकवलं होतं. मायंच डोकं दगड."

स्वतःच्या आईच्या हातमागावरचं लुगडं त्याने माझ्या बायकोसाठी आणलं होतं. ते मी घेतलं.

पुढे निवृत्त झाल्यावर त्याने नागपूरजवळ वाडीला ट्रकच्या वेल्डिंगचं दुकान टाकलं. मी गेलो, सांगायचं ठरवूनच. वाक्य तयार होतं — नामदेव, तुले मी मुद्दाम तसं शिकवलं, माफ कर गा. त्याने तोंडावरची काच वर केली आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "हे माये इंग्रजीचे मास्तर." चहा मागवला.

मी विचारलं, "धंदा बरा चालला ना?"

मागल्या उन्हाळ्यात नामदेव गेला. ते वाक्य मला अजून तोंडपाठ आहे.