आधी उतरू द्या

"आधी उतरू द्या, मग चढा." धक्क्यावर गाड्या सोडायचं काम त्यांचं; उजवा तळहात गाड्यांसमोर धरून ते एवढंच म्हणायचे. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने कधी गेला असाल, तर तो तळहात तुम्हीही पाहिला असेल. बोट लागली की आतल्या गाड्या बाहेर, मगच बाहेरच्या आत. एखादा मुंबईवाला हॉर्नवर हात दाबून धरायचा. यांचा हात हलायचा नाही.

रेवदंड्याला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. एकेचाळिसाव्या वर्षी ते तिथे शिकायला आले. धक्क्यावरचं त्यांचं कंत्राट वर्षभरात संपणार होतं. वेबसाइट बनवायला शिकले, तर पनवेलच्या एका कंपनीत मेव्हणा शब्द टाकणार होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी क्लासच्या दारात हात आडवा धरला. आधीची बॅच बाहेर पडेपर्यंत कोणाला आत सोडेनात.

"काका, ही बोट न्हाय," एक मुलगी म्हणाली.

"दार तर हाय ना?"

आम्ही शिकवत होतो त्या फ्रेमवर्कची, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्याची, नवी आवृत्ती नुकतीच आली होती. जुनीपेक्षा पार वेगळी. आधी कोणती शिकायची, हे ठरवायचं होतं.

"जुनी पुरी झाल्याशिवाय नवीला हात कसा लावणार, मॅडम? रांग हाय ती."

"बरोबर," मी म्हणाले. माझ्याकडे नोट्स फक्त जुनीच्या होत्या. क्लासमध्ये शिकवायला ठेवलेल्या सरांनाही तेवढीच येत होती. हे मी त्यांना सांगितलं नाही.

सात महिने ते पाळी संपवून एसटीने येत राहिले. बसण्याआधी कीबोर्ड रुमालाने पुसायचे, उठताना पुन्हा पुसायचे. प्रत्येक ओळ आधी वहीत उतरवायचे, मग टाइप करायचे. वहीच्या बरोबर मध्यावर त्यांनी 'नवी' असं लिहून ठेवलं होतं.

पनवेलच्या मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी ते आले.

"काय विचारलं?"

"नवीतलंच सगळं. जुनी आता कोण घेत न्हाय म्हणाले."

मग पिशवीतून सुकवलेल्या कोळंबीच्या सोड्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली. "घरचे हायत."

नोट्सचं मी तेव्हाही बोलले नाही. सोडे घेतले.

कंत्राट संपलं आणि ते गुजरातच्या एका बंदरावर कामाला गेले. जाताना वही देऊन गेले. "कोणाला आधी जुनी शिकायची असंल तर द्या." अजून कोणी मागितलेली नाही. 'नवी'च्या पुढची पानं कोरी आहेत.

आता नव्या बॅचला मी पहिल्या दिवशीच सांगते, नवीपासून सुरुवात करा. जुनी लागलीच तर बघू.

मे महिन्यात कामासाठी दिघीला जायचं होतं. आगरदांड्याला बोट लागली. आतल्या मोटरसायकली बाहेर आणि बाहेरच्या आत एकाच वेळी घुसल्या आणि मधेच अडकल्या. धक्क्यावरचा नवा माणूस फोनवर बोलत होता.

मी बाजूला उभी राहिले.

"ओ मावशी, चढा की!" मागून कोणीतरी ओरडलं.

शेवटची मोटरसायकल उतरेपर्यंत मी हलले नाही.