शाई लावलेली बोटं

कानोच्या जुन्या शहरात तलातू रोगाच्या तपासणीसाठी गटाराचं पाणी भरायची. नवरा गेल्यावर पोटासाठी धरलेलं काम. पहाटेच्या नमाजाला गल्ली उठते, तेव्हाच नाल्याला जोर असतो. त्या वेळी दोरीची बादली सोडायची, बाटली भरायची आणि बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पोचवायची. शेजारणी म्हणत, अख्ख्या गल्लीचं पोट हिला ठाऊक. तिला हसू यायचं नाही. गुडघे कुरकुरत, आणि वास कपड्यांना चिकटून घरी येई.

त्या पाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. डॉक्टर बिल्किसूबाईंनी तिला बोलावून घेतलं. गल्लीतल्या एकूण एक पोराच्या बोटावर डोस दिल्याची शाई होती, मग विषाणू आला कुठून? वरच्या साहेबांचं मत पडलं की बाटल्यांची अदलाबदल झाली. पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा तपासायचं, आणि तोवर नव्याने थेंब पाजायचं थांबवायचं.

तलातूला खरं काय ते ठाऊक होतं. तिचा मुलगा गाम्बो थेंबांचं नाव काढलं की भडकायचा. फुकट मिळतं ते औषध कसलं, म्हणायचा. घरात कटकट नको म्हणून तिनेच लस देणाऱ्या पोरीला गळ घातली होती, नातवाचं नुसतं बोट रंगव. तिचं पाहून आजूबाजूच्यांनीही तेच केलं. आता बोलावं तर मुलगा तुटणार, शेजार तुटणार. गप्प बसावं तर एखादं पोर पायाने जाणार. ती इतकी थकली होती की खोटं रेटायचीही ताकद उरली नव्हती.

"बाई, पाणी खरं आहे," ती म्हणाली. "बोटं खोटी आहेत. माझ्या घरापासून सुरुवात करा."

बिल्किसूबाई तिला मानाने हाजिया म्हणत. "हाजिया, तुम्हीसुद्धा?"

संध्याकाळी तिने गाम्बोला सांगितलं, हात जोडले, नातवाची शपथ घातली. तो ताटावरून उठला आणि आईला म्हणाला, "इन्ना, लोकांची घाण चिवडता चिवडता आपल्याच दारात आणून ओतलीस."

दुसऱ्या दिवशी पथक आलं. शिव्याशाप झाले, पण दारोदारी पोरांच्या तोंडात थेंब पडले. तलातूच्या घरात मात्र पोरच नव्हतं. ती नाल्यावर गेली असताना गाम्बो बायको-पोराला घेऊन सासुरवाडीच्या खेड्याकडे निघून गेला होता.

त्या खेड्यात गटार नाही. तिथलं पाणी कोणी तपासत नाही.