उन्हात वाळवलेला कापूस

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलच्या फाटकावर कापसाची गाडी आली की मी आधी ढिगाच्या तळाशी हात घालतो. वर कोरडा असतो. वजन वाढावं म्हणून मारलेलं पाणी खाली सापडतं. शेवगावात हे काम करताना माझं निम्मं आयुष्य गेलं आणि संशय हाताच्या सवयीतच मुरला. म्हणून थोरली बहीण पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन आली, तेव्हाही हात तळाशी गेला. किंचित ओल लागली. दवात वेचला असेल, हे मला कळायला हवं होतं. मी मात्र रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणालो, "आक्का, ओला माल चालणार नाही. घरचं माणूस असलं तरी नाही."

"बहिनीलाबी सोडंना की ह्यो!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मला तेव्हा ते कौतुक वाटलं. आक्का गाडी घेऊन परत गेली.

तिच्या गावातल्या बायकांच्या गटानं त्या हंगामात एकच वाण लावलं होतं. लांब धाग्याचा कापूस वेगळा ठेवून थेट सूतगिरणीला द्यायचा, असं ठरलं होतं. वाण आक्कानं निवडलेलं. तिच्या शब्दावर बाकीच्यांनी पेरलं. नमुना म्हणून तिचाच कापूस आधी आमच्या मशीनमधून काढायचा होता. धाग्याची लांबी भरली तर पुढंही तेच वाण, नाहीतर नाही.

ती पुन्हा आली तेव्हा ऊन चांगलं तापायला लागलं होतं. "घे, घाल हात तळाला," ती म्हणाली. "पत्र्यावर रोज पसरीत व्हते. आता थेंब न्हाई सापडायचा."

मी सरकी दाताखाली धरली. कट्कन फुटली. इतक्या कोरड्या कापसाचं काय होतं ते मला ठाऊक होतं. मशीनमध्ये चामड्याचा रूळ धागा ओढतो आणि पातं सरकी अडवतं. धाग्यात थोडी ओल असेल तर तो ताण सोसतो. नसेल तर मधेच तुटतो. उपाय साधा होता. कापूस सावलीत पसरायचा, पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि एक रात्र मुरू द्यायचा. पण रांगेत तीच माणसं उभी होती. ज्यांच्यासमोर बहिणीला ओलीवरून बोललो, त्यांच्यासमोर तिच्याच कापसावर पाणी कोणत्या तोंडानं मारू? मी मशीन चालू करायला सांगितलं.

सरकी निघालेली रुई पांढरीशुभ्र पडली. चिमूटभर घेऊन दोन्ही अंगठ्यांत ओढली, तर बारीक तुकडे गळाले. मी ते पँटला पुसले. सूतगिरणीनं धागा आखूड म्हणून नमुना परत केला. गावात बायका म्हणू लागल्या, वाणच खोटं निघालं.

शेवटी मी आक्काच्या घरी गेलो. ओसरीच्या कोपऱ्यात वातींसाठी राखलेला त्याच वेचणीचा थोडा कापूस होता. दोन बोंडं उचलून मी हातानंच सरकी सोडवली आणि धागा तिच्या तळहातावर ठेवला. चांगला लांब होता. मग सगळं सांगितलं.

तिनं धागा दोन बोटांत धरून ओढून बघितला. "म्हंजे माझा कापूस लांबच व्हता."

"होय."

"आन् तुला समदं म्हाईत व्हतं."

"होय."

"मग मला काय सांगतो? लोकांम्होरं बोललास ना? आता गटाम्होरं सांग."

गटाची बैठक देवळासमोर होती. मी उभा राहून सांगितलं. ऐकून झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे आता पानी मारून आनायचा का रं बाबा?" सगळ्या हसल्या. मीही हसलो असतो, पण आक्का हसत नव्हती.

तेच वाण पुन्हा लावायचं ठरलं. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही.

"पुढल्या बारीला आधी मूठभर हातानं सोलून घरी ठेवीन," ती म्हणाली. "मंग तुझ्या मशिनीत घालीन."