अक्कानं न पाहिलेला डोंगर

अक्का गेल्याचा फोन तिच्या दिराचा, दिगंबररावांचा आला. सकाळची वेळ होती, मी सेलूला घराच्या ओट्यावर पेपर चाळत बसलो होतो. "सर, वहिनी गेल्या," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आमटीचा येसर मसाला भाजायल्या होत्या... तिथंच बसल्या ते बसल्या. अन् नेमकी पुढच्या आठवड्यात टूर हाय." माझी थोरली बहीण गेली हे मला ज्या दमात कळलं, त्याच दमात टूर असल्याचंही कळलं. तेव्हा मी काही बोललो नाही. आता सहा आठवडे झाले आणि न बोललेलं सगळं कागदावर उतरवायला बसलो आहे. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं असं म्हणतात. तसं लिहायचं ठरवलं तर मला हे कधीच लिहिता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी गंगाखेडच्या स्टँडसमोर तिचा फ्लेक्स लागला. आधार कार्डासाठी काढलेला फोटो, डोक्यावर पदर, ओठ मिटलेले, आणि तिच्या पाठीमागे बर्फाचे डोंगर. वर लिहिलं होतं, 'हिमालयाएवढी माया हरपली'. खाली दिगंबररावांच्या यात्रा कंपनीचं नाव आणि दोन मोबाईल नंबर, तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. तेराव्याला दिगंबरराव जमलेल्यांसमोर हात जोडून बोलले, की वहिनींनी माझ्याबरोबर अकरा वेळा हिमालय पाहिला, एवढं भाग्य आपल्या भागात कुणाच्या वाट्याला आलं? लोकांनी माना डोलावल्या. दोघातिघांनी डोळेही पुसले. अक्का अकरा वेळा गेली हे खरं आहे. तिनं हिमालय पाहिला हे साफ खोटं आहे, आणि ते मला माहीत असूनही मी सतरंजीवर मान खाली घालून बसून राहिलो.

आमचं गाव चारठाण्याजवळ. लहानपणी जत्रेला चारठाण्याला गेलो की जुन्या देवळांच्या दगडी चौथऱ्यांवर, पडक्या भिंतींवर अक्का सरसर चढायची. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान आणि भित्रा. मी खाली तिच्या चपला धरून उभा राहायचो आणि ओरडून विचारायचो, काय दिसतंय? ती उतरायची घाई कधी करायची नाही. कुणाच्या रानात कुळवाची पाळी चालू आहे, जिंतूरच्या रस्त्यानं एसटी येते आहे ती कुठल्या वळणावर आहे, आपल्या शेतातला आंबा दिसतो का, त्याच्याखाली कोण बसलं आहे... एकेक गोष्ट सांगायची. मग खाली आल्यावर काठीनं मातीत काढूनही दाखवायची. मी पुढं चित्रकलेचा शिक्षक झालो, तीस वर्षं पोरांना चित्रं शिकवली. पण वर न चढता वरचं सगळं मला पहिल्यांदा दिसलं ते तिच्या सांगण्यातून.

लग्न होऊन ती गंगाखेडला गेली तेव्हा वडिलांनी आंदणात एक मोठी पितळी परात दिली. कडेला ठोकून नाव घातलं होतं, 'चि. गोदावरीस, बाबांकडून'. लग्नानंतर आठ वर्षांत दाजी गेले. मूलबाळ नव्हतं. ती दिराच्या घरात राहिली आणि राहिली म्हणजे राबली. पुढे दिगंबररावांचं कापडाचं दुकान चालेना, तेव्हा त्यांनी यात्रा कंपनी काढली. आधी देवदर्शन, मग अमृतसर, डलहौसी, धरमशाला. आपल्याकडच्या लोकांना हिमालय पाहायचा असतो, पण तिथंही ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा ताटात लागतो. पत्रकावर ठळक अक्षरांत असायचं, 'जेवण अगदी घरचं'. घर म्हणजे अक्का. घरचंच माणूस असल्यामुळे तिला कुणी विचारायचं कारणच नव्हतं.

ती परत आली की मी विचारायचो, काय पाहिलं? ती सांगायची ते सगळं माणसांबद्दल. पाथरीच्या एक बाई किती हळव्या होत्या, मानवतचे एक आजोबा रात्रीच्या जेवणात फक्त दूधभाकरी कशी खायचे. मला वाटायचं, हिला डोंगरदऱ्यांचं काही नाही. चौथऱ्यावर चढणाऱ्या त्या पोरीला मी इतका विसरलो होतो. तीन वर्षांपूर्वी मी आणि शैला, माझी बायको, त्याच टूरला गेलो, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

परभणीहून अमृतसरच्या गाडीत बसलो तेव्हा पिठाची पोती, शेगड्या आणि ती परात आमच्या सीटांखाली होती. अमृतसरहून पुढं बस. पठाणकोट सोडलं की वळणं सुरू झाली आणि अर्धी बस लिंबू हुंगत बसली. डलहौसीची हॉटेलं डोंगराच्या उतारावर बांधलेली. रस्त्याच्या पातळीला काउंटर, वर खोल्या, प्रत्येक खोलीला दरीकडे गॅलरी. सकाळी पडदा सारला आणि समोर बर्फाची रांग पाहून शैलाचा ब्रश तोंडातच राहिला. मी धावत अक्काला बोलवायला गेलो. स्वयंपाकघर दोन मजले खाली, इमारतीच्या पाठीमागे डोंगर खोदून केलेलं. एकच खिडकी. खिडकीबाहेर हातभर अंतरावर दगडी भिंत, डोंगर ढासळू नये म्हणून बांधलेली, शेवाळलेली, वरून पाणी झिरपणारी. अक्का त्या खिडकीखाली उकळतं पाणी घालून ज्वारीचं पीठ मळत होती. बाहेर यायला सांगितलं तर म्हणाली, "नाश्त्याची येळ हाय बापू. तू बघून घे, मग मला सांग."

तिच्या हिशेबी डलहौसी म्हणजे ती भिंत. आम्ही पंचपुल्याचा धबधबा पाहिला, तिनं भिंत पाहिली. आम्ही खज्जियारच्या हिरव्यागार मैदानात घोड्यांवर बसलो, भाड्यानं मिळणारे पहाडी झगे घालून फोटो काढले, कालाटोपच्या देवदारांमधून फिरलो. तिनं भिंत पाहिली. संध्याकाळी बस परत यायची तेव्हा ताटं मांडलेली असायची. लोक भाकरीचं कौतुक करायचे आणि मोबाईलवरचे फोटो तिच्या तोंडापुढे धरायचे. ती हात पदराला पुसून बघायची, छान हाय म्हणायची. तिच्या बोटांना थंडीनं भेगा पडल्या होत्या. त्यात ठेच्याची मिरची जायची.

शेवटचा दिवस डैनकुंडचा होता. तिथला उंच माथा, वरून चारी बाजूंचे डोंगर दिसतात. त्या दिवशी आमच्यातल्या एका आजोबांचे गुडघे धरले म्हणून ते खोलीवर थांबले आणि बसमध्ये एक जागा रिकामी झाली. मी खाली जाऊन अक्काला ओढूनच आणलं. तिनं पातळ बदललं, शैलाचा जादा स्वेटर घातला, पायमोजे घालून त्यावर चप्पल चढवली. खिडकीशी बसली. काच पुसली. मी तिला इतकं हरखलेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

बस निघायच्या आधी दिगंबरराव दारात आले. आवाज चढवला नाही, हसूनच म्हणाले, "वहिनी, आज शेवटचा दिवस. समद्यांला पुरणपोळी सांगितलेली हाय." मागून एका बाईंनी लाडात म्हटलं, "काकूंच्या हातची पोळी म्हणूनच तर आलो आम्ही." दोघीतिघी हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. मी म्हणालो, "दिगंबरराव, एक दिवस राहू द्या की." ते म्हणाले, "सर, तुम्ही सांगा लोकांला." मी मागं वळून पाहिलं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी लोकांना काही सांगितलं नाही. अक्का तोवर उठलीच होती. स्वेटर काढून तिनं शैलाच्या मांडीवर ठेवला. "न्हाई तर मला बस लागतीच," असं पुटपुटत ती उतरली.

तिच्याबरोबर मी उतरायला हवं होतं. पुरण वाटायला मला येत नसेल, पण डाळ शिजवता आली असती. किंवा मी तिच्या जागी भिंतीसमोर बसून तिला माझ्या जागेवर पाठवायला हवं होतं. यातलं काही मला सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं... पण बस सुरू झाली आणि मी बसून राहिलो.

डैनकुंडला त्या दिवशी ढगाचा ठिपका नव्हता. जिकडे नजर टाकावी तिकडे बर्फाच्या रांगा. आणि अक्काच्या पुरणपोळीसाठी जीव टाकणारी ही सगळी मंडळी तिथल्या टपरीवर मॅगी खात उभी होती, एकेकानं दोन दोन प्लेट. मीही खाल्ली. बाकीचा वेळ फोटो काढले. अर्ध्या तासात थंडी वाजते म्हणून सगळे खाली उतरलो.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. पोळ्यांची चळत तयार होती. ज्यांना शुगर आहे त्यांच्या भाकरीसाठी तिनं परातीत पीठ घेतलं होतं. मला पाहून ती थांबली.

"काय दिसलं रे वरून?"

भूक लागली होती, अंगात कणकण होती, आणि तिच्या डोळ्यांत बघायची लाज वाटत होती. मी परातीतलं पीठ हातानं सपाट केलं आणि बोटानं तीन त्रिकोण काढले. पहिलीतली पोरं काढतात तसे, एकाला एक लागून. ती वाकून बघत राहिली. मी पुढं काही सांगेन म्हणून वाट पाहत राहिली. शेगडीवर पाणी उकळायला लागलं होतं.

"एवढंच?"

"एवढंच अक्का. लय थंडी होती."

तिनं मान हलवली, गरम पाणी ओतलं आणि पीठ मळायला घेतलं. त्यानंतर तिनं मला त्या डोंगराबद्दल कधी विचारलं नाही. आणखी दोनदा ती त्या टूरला गेली.

तेराव्याला मी दिगंबररावांना बोललो नाही, पण दुसऱ्या दिवशी निघताना बोललो. ओसरीवर लांबलेल्या टूरची बांधाबांध चालू होती. पिठाच्या पोत्याला टेकून ती परात ठेवलेली. मी ती उचलली. ते म्हणाले, "सर, टूरला लागती ती, नवीन बाई बघितली हाय." मी म्हणालो, "नाव वाचा. आमच्या घरची आहे." मग एवढ्यावर न थांबता त्यांना त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्या माणसांदेखत सगळं सुनावलं. ती भिंत, ती बस, तो फ्लेक्स. ते ऐकून घेत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "अन् तुम्ही कुठं बसला होता त्या दिवशी, सर?" परात काखेत धरून मी स्टँडवर आलो. फ्लेक्स अजून तसाच होता.

परात आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. शैला तिच्यात कणीक मळत नाही, मीच नको म्हणालो आहे. परवा ती शेजारी गेली असताना मी परात खाली घेतली, पीठ चाळून तिच्यात पसरलं आणि डैनकुंडवरून दिसलेली ती रांग नीट काढायला बसलो. कुठलं शिखर पुढं होतं, बर्फ कुठवर उतरला होता, दरीत गावं होती का, त्यांतल्या एखाद्या घरातून धूर निघत होता का... अक्कानं हे सगळं सांगितलं असतं. फोटो बघून काढायचं नव्हतं, पाहिलेलं काढायचं होतं. दोनदा पीठ सपाट केलं, पुन्हा बोट टेकवलं. दोन्ही वेळा तेच तीन त्रिकोण उमटले. अक्काला जेवढं दाखवलं, तेवढंच माझ्याकडं आहे.