उंदीर, ससे आणि आमची प्राणी-कमिटी

आमच्या कमिटीची मीटिंग संपते, पण गप्पा संपत नाहीत. कप-बशा उचलायला शिपाई येऊन उभा राहतो, तरी कुणीतरी "अहो, परवाचं ऐकलं का?" म्हणून सुरू होतंच. मी घरी येऊन नवऱ्याला सांगते. तो पोट धरून हसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात आणखी मीठ-मसाला लावून सांगतो. मागे एका लग्नात माझाच किस्सा मला दुसऱ्याच बाईंच्या नावावर ऐकायला मिळाला! तेव्हा ठरवलं, आता हे किस्से आपणच सांगून टाकावेत.

आधी कमिटी म्हणजे काय ते सांगते. कळमनुरीच्या रस्त्याला आमचं कॉलेज आहे, फार्मसीचं आणि शेतकीचं. संशोधनासाठी उंदीर आणि ससे, शिकवायला गाई, शेळ्या, मेंढ्या. या जनावरांना विनाकारण तकलीफ होऊ नये, हे बघायला ही कमिटी. प्राचार्य अध्यक्ष, मी जनावरांची डॉक्टर. आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक बाहेरचा माणूस लागतो, ते आमचे गुरुजी. शिरड शहापूरकडचे, मेंढपाळाच्या घरातले. आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झाले.

माझ्या सासूबाईंना यातलं एवढंच कळलंय की सून उंदरांजवळ असते. कळमनुरीच्या बाजारात त्यांना एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "सून काय करती व माय?"

सासूबाई मान ताठ करून म्हणाल्या, "कॉलेजात उंदरं सांभाळती."

बाईंचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई! आमच्या सोयाबीनच्या पोत्यात लई झालीत. तिला म्हणावं, ती पण घेऊन जा!"

*

गुरुजींची पहिलीच मीटिंग. एक तरुण सर उदासपणावरच्या औषधाचा प्रयोग समजावून सांगत होते. उंदराला पाण्याच्या उंच भांड्यात सोडायचं. तो धडपड किती वेळ करतो आणि हातपाय गाळून कधी थांबतो, ते बघायचं. लवकर थांबला म्हणजे उदास.

गुरुजींनी विचारलं, "पाण्यात टाकायच्या आधी तो उदास होता का?"

"नाही सर. आधी नॉर्मलच असतो."

"मग त्याला बाहेर काढून बघा की! औषधाविना बरा होईल."

सगळे हसले. सर लालबुंद झाले. मला वाटलं, आता हे कमिटीचं तोंड बघणार नाहीत. पण माणूस मनाचा सरळ निघाला. पुढच्या मीटिंगला नवी पद्धत घेऊन आले. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. उदास उंदराची गोडावरची वासना उडते. बुडवाबुडवी नाही, काही नाही.

गुरुजी खूश. म्हणाले, "हे बराबर आहे. पण सर, डॉक्टरनं साखर बंद केल्यापासून मी पण उदासच आहे. मला घ्या ना प्रयोगात!"

*

नियम असा आहे की सशांना नुसतं खायला-प्यायला देऊन भागत नाही, त्यांना करमणूकही लागते. कुरतडायला लाकूड, लपायला बोगदा, ढकलायला एखादा चेंडू. मी स्टोअरच्या वानखेडेंना सांगितलं, "सशांसाठी खेळणी आणा."

वानखेडे अत्यंत गंभीर माणूस. हिंगोलीला खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं नेहमीसारखं विचारलं, "पोरगं किती वर्षांचं हाय?"

"आठ महिन्यांचं."

"मग खुळखुळा घ्या की."

"खुळखुळ्याला घाबरतंय. कान मोठे हायेत त्याचे."

दुकानदार म्हणाला, "असू द्या साहेब, वयाबरोबर चेहरा भरतो."

*

आता बेडूक कापत नाहीत, कॉम्प्युटरवर दाखवतात. आमचे एक जुने सर या गोष्टीवर फार नाराज. "पडद्यावरचा बेडूक म्हणजे फोटोतलं जेवण!" असं म्हणायचे. तरी कमिटीनं सांगितलं म्हणून त्यांनी सॉफ्टवेअर लावलं. बेडकाचं हृदय पडद्यावर धडधडायला लागलं आणि मध्येच थांबलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बेडूक हँग झाला!"

सर शांतपणे म्हणाले, "आमच्या काळात बेडूक मरायचा. पण हँग व्हायचा नाही."

*

उंदरांच्या खोलीची व्यवस्था गंगाबाईंकडे. आवाज खणखणीत, पण त्या खोलीत शिरल्या की कुजबुजत बोलतात. एकदा दिल्लीचे तपासणीस आले. पिंजरे बघितले, भुसा बघितला, पाणी बघितलं. मग गंगाबाईंना विचारलं, "इनको कोई तकलीफ तो नहीं?"

गंगाबाई म्हणाल्या, "काहून राहील साहेब? जेवाय टायमावर हाय. पाणी गाळून हाय. एसी चालू हाय. भांडाय सासू न्हाई, हिशोब मागाय नवरा न्हाई." मग त्यांनी हळूच विचारलं, "एखादा पिंजरा रिकामा हाय का?"

तपासणिसांना मराठी येत नव्हतं. त्यांनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्य म्हणाले, "सर, ॲडमिशन के बारे में पूछ रही हैं."

*

ॲडमिशनवरून आठवलं. मे महिना, भर दुपार. प्राणीघराची लाइट गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प बसला. आत गरमी वाढत चालली. उंदीर घामेजत नाहीत, त्यामुळे असल्या उन्हाळ्यात ते बघता बघता दगावतात. पिंजऱ्यात सगळे पसरून पडले होते. गंगाबाई ओल्या फडक्यांनी पिंजरे झाकत होत्या आणि प्रत्येक पिंजऱ्याला "दम धर, लेकरा" म्हणत होत्या.

मी पळत प्राचार्यांकडे गेले. त्यांच्या केबिनचा एसी मात्र मस्त चालू होता, ती लाइन वेगळ्या फेजवर होती. मी काही बोलायच्या आधीच त्यांना चेहऱ्यावरून कळलं. ते उठले, टेबलावरचा सगळा पसारा त्यांनी स्वतः उचलला आणि म्हणाले, "आणा त्यांना."

शिपाई, क्लार्क, सर लोक, सगळ्यांनी मिळून पिंजरे आणले. टेबलावर, कपाटावर, सोफ्यावर, प्राचार्यांच्या खुर्चीत सुद्धा! हळूहळू एकेक उंदीर उठून मिशा हलवायला लागला. गंगाबाई जमिनीवरच बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. मला वाटलं घाम असेल. घाम नव्हता.

प्राचार्य बाहेर कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले. तेवढ्यात सेनगावकडून जीपनं एक बाप-लेक ॲडमिशनसाठी आले. बापानं लिंबाखालच्या घामाघूम माणसाकडे लक्षच दिलं नाही. सरळ शिपायाला विचारलं, "मोठे साहेब आत हायेत का?"

शिपाई खरं तेच बोलला. "साहेब भायेर हायेत. आत उंदरं हायेत."

बापानं दारातून आत डोकावून बघितलं. मग मुलीला म्हणाला, "इथंच घे ॲडमिशन. जिथं उंदराला एवढा मान हाय, तिथं तुला कोण त्रास देईल?"

पोरगी आता शेवटच्या वर्षाला आहे.

*

आणि ही मेंढीची गोष्ट.

प्रयोगशाळेत जंतू वाढवायला मेंढीचं थोडं रक्त लागतं. त्यासाठी आमच्याकडे एक काळी मेंढी होती. पोरं तिला 'मॅडम' म्हणायची. मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, तेही मोजकंच आणि बऱ्याच दिवसांच्या अंतरानं. मी तिला कधी दोरीनं बांधलं नाही. आधी नुसतं मानेला हात लावायचा आणि मूठभर मका द्यायचा, असं शिकवत नेलं. पुढं पुढं मी पांढरा ॲप्रन घातला की ती आपणहून यायची, मान बाजूला वळवून उभी राहायची आणि काम झालं की मका खाऊन निघून जायची.

रक्त द्यायची तिची वर्षं भरली तेव्हा मी कमिटीत म्हटलं, हिला आता निवृत्त करू. पण पाठवायची कुठं? बाजारात गेली तर तिचं काय होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

गुरुजी म्हणाले, "माझ्या भावाच्या कळपात जाईल. शब्द देतो. कुणी सुरी लावणार न्हाई."

टेम्पोत चढवताना पोरं रडली. मी रडले नाही, टेम्पोत मक्याची पिशवी तेवढी ठेवली.

वर्षभरानं गुरुजी आणि मी तिला बघायला गेलो. सोयाबीन निघून गेलेलं मोकळं रान, त्यात कळप चरत होता. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. गुरुजींचे भाऊ ज्ञानोबा घोंगडी सावरत आले. राम राम झाला.

मी विचारलं, "आमची कोणती?"

ज्ञानोबा हसले. "तुमची हाय, तुमीच वळखा."

मी हाका मारल्या. 'मॅडम, मॅडम' म्हणून रानात ओरडले. एकीनंही मान वर केली नाही. म्हटलं, असेल ना इथं? गुरुजींकडे बघायचंही टाळलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, गाडीत ॲप्रन होता तो काढला आणि घातला.

कळपाच्या पार मागून एक मेंढी चालत आली. घाई नाही, गडबड नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मान बाजूला वळवली.

मी खाली बसले. तिच्या मानेवर हात ठेवला. लोकर दाट झाली होती, अंगानं भरली होती. गुरुजी दुसरीकडेच बघत होते. माझ्याजवळ मका नव्हता, तर ज्ञानोबांनी खिशातून चार दाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

ती खात होती, तेवढ्यात तिच्या मागून एक कोकरू पुढं आलं. तिचंच. याच रानात जन्मलेलं, कॉलेज कशाशी खातात हे माहीत नसलेलं. ते आईच्या शेजारी उभं राहिलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यानंही मान बाजूला वळवली.

त्याच्या मागं आणखी एक मेंढी चरायची थांबून बघायला लागली. मग दुसरी.

ज्ञानोबा घाईनं पुढं झाले. "म्याडम, तेवढा झगा काढा बरं. न्हाईतर सगळा कळप कॉलेजला निघंल!"